पाणी किती चढलं यापेक्षा किती तास थांबलं, ते विचारा

समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या नाशिकच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "दर पावसाळ्यात गोदावरीला पूर येतो, दोन-तीन दिवस बातम्या येतात आणि विषय संपतो. एवढी धरणं असताना पूर येतोच कसा? त्याचा खरा फटका कोणाला आणि किती काळ बसतो? मला यावर प्रकल्प करायचा आहे, तर सुरुवात कुठून करू?"

मी पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून नोकरी केली. पावसाळ्यातल्या रात्री पूर नियंत्रण कक्षात काढल्या आणि निवृत्तीनंतर गोदाकाठच्या गावांमध्ये पूरतयारीचं काम करतो आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नाशिककर पूर उंचीत मोजतात. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, ही आपली जुनी पट्टी. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पाणी गेलं की तो महापूर. १९६९ चा पूर पाहिलेली माणसं अजून त्याच भाषेत सांगतात. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर आपल्या पिढीने त्याच खुणांवर पाहिले. ही पट्टी चुकीची नाही. घाटावरच्या माणसाला सामान कधी हलवायचं हे तिने पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं आहे. पण जिल्ह्याचं नुकसान समजून घ्यायचं असेल तर ती अपुरी पडते. पूर आपण फुटांत मोजतो, नुकसान मात्र तासांत होतं. पाणी येण्याआधी हातात किती तास होते आणि आल्यावर ते किती तास थांबलं, या दोन आकड्यांवर पुढचं सगळं ठरतं. तुमच्या प्रकल्पाचा कणा हाच ठेवा, असं मी सांगेन.

आधी धरणांचं. गंगापूर धरण शहराच्या अगदी डोक्यावर आहे. त्याची मूळ क्षमता सुमारे ७.२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), गाळामुळे ती आज साडेपाच-पावणेसहाच्या घरात आली आहे. आता हिशेब करा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. त्र्यंबक-ब्रह्मगिरीच्या बाजूला झोडपून पाऊस पडला आणि धरणात ४० हजार क्युसेकचा येवा चोवीस तास टिकला, तर एका दिवसात जवळजवळ साडेतीन टीएमसी पाणी येतं. म्हणजे निम्म्याहून जास्त धरण एका दिवसात भरतं. ते आधीच ऐंशी-नव्वद टक्के भरलेलं असेल तर दार उघडण्यावाचून मार्ग नसतो, कारण धरण मातीचं आहे आणि मातीच्या धरणावरून पाणी जाऊ देता येत नाही.

मग ते आधीच रिकामं का ठेवत नाहीत? लोक हा प्रश्न रागाने विचारतात आणि त्यांचा राग मला समजतो. पण याच धरणातून शहर वर्षभर पाणी पितं, याच पाण्यावर शेतीची आवर्तनं ठरतात आणि पुढे मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा हक्कही आहे. कोणत्या तारखेला किती टक्के साठा ठेवायचा याचं वेळापत्रक असतं. ते पाळलं तर पुराचा माथा बराच बोथट करता येतो, पण पूर नाहीसा होत नाही. सप्टेंबरात आलेला पूर ऑगस्टातल्या पुरापेक्षा जास्त अवघड असतो तो यामुळेच: तेव्हा धरणं जवळपास भरलेली असतात आणि परतीचा पाऊस भरवशाचा नसल्यामुळे पाणी सोडायला कोणाचाच हात धजत नाही.

शिवाय शहरात येणारं सगळं पाणी धरणातून येत नाही. नासर्डी, वाघाडी आणि शहरभरचे नाले धरणाच्या खालचे आहेत. त्यांना दरवाजे नाहीत. सराफ बाजारात पाणी शिरतं ते पुष्कळदा नदीचं नसतं, बाजाराच्या पोटातून जाणाऱ्या सरस्वती नाल्याचं असतं. वर मुसळधार पडतो, खाली गोदावरी फुगलेली असल्याने नाल्याला नदीत शिरता येत नाही आणि पाणी भांडी बाजार, सराफ बाजारातून परत वर येतं. गंगापूरमधून एक थेंब सोडलेला नसतानाही हे होऊ शकतं. पूररेषेचं म्हणाल तर निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००८ नंतर या रेषांवर शहरात खूप वाद झाले. ते वाद बांधकामाच्या परवानगीचे होते; नाल्याच्या तोंडाशी भराव पडतो आहे का, यावर फारसं कोणी भांडलं नाही. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

शहराचं नुकसान दिसतं तसं असतं. घाटावरच्या टपऱ्या, भाजीवाले, पूजासाहित्याची दुकानं, तळघरातली गोदामं. गंगापूरचा विसर्ग वाढवल्याची सूचना निघाल्यावर ते पाणी रामकुंडापर्यंत यायला थोडाच वेळ लागतो, पण तेवढ्यात सराईत दुकानदार माळ्यावर माल चढवतो. पाणी बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं, चिखल उपसला जातो आणि आठवड्याभरात बाजार उघडतो. अपवाद जुन्या वाड्यांचा. पांढऱ्या मातीच्या भिंती पाणी पितात आणि पाणी असेपर्यंत उभ्या राहतात. ऊन पडलं, भिंत वाळायला लागली की तडे जातात आणि मग ती बसते. पूर ओसरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, सगळे निर्धास्त झाल्यावर, भिंत पडल्याची खबर येते. अशा वाड्यांत बहुतेक जुने भाडेकरू राहतात. घरमालकाला दुरुस्ती करायची नसते आणि भाडेकरूला सोडायचं नसतं.

आता खरा विषय. शहरातून गेलेलं पाणी निफाड तालुक्यात जातं. तिथे इगतपुरीचं पाणी घेऊन दारणा मिळते, पुढे दिंडोरीकडची कादवा येते आणि नांदूर मध्यमेश्वरला सगळं एकत्र होतं. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि निफाडमध्ये जेमतेम पाचशे. म्हणजे सायखेडा-चांदोरीच्या माणसाच्या अंगणात ऊन पडलेलं असतं आणि दुसऱ्याच्या पावसाचं पाणी त्याच्या ओट्याला लागतं. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा ब्रिटिश काळातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्या मागे शंभर वर्षांत इतका गाळ साचला की तिथे पाणथळ तयार झालं, पक्षी आले आणि २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, झालं. पक्ष्यांसाठी ही आनंदाची गोष्ट आहे आणि मलाही तिचा अभिमान वाटतो. पण त्याच गाळामुळे पुराच्या पाण्याला पसरायला जागा उरली नाही आणि फुगवटा मागे गोदाकाठच्या गावांपर्यंत सरकतो. शहरात पाणी धावतं. इथे ते उभं राहतं.

त्यात पानवेलींची भर. शहराच्या सांडपाण्यावर त्या उन्हाळाभर पोसल्या जातात आणि पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर सुटून वाहत येतात. सायखेड्याचा पूल मी अशा दिवशी जवळून पाहिला आहे. पुलाच्या वरच्या अंगाला नदी दिसतच नाही, दोन्ही काठांपर्यंत हिरवं कुरण पसरल्यासारखं वाटतं. त्यात अडकलेले ओंडके, थर्माकोल, एखादं मेलेलं जनावर. खालच्या अंगाला पाणी दोन-तीन फुटांनी खाली, आणि कमानीतून ते दाबाने सुटताना आवाज येतो. जेसीबी पुलावर उभं करून वेली ओढायच्या, एक गठ्ठा काढला की मागून दुसरा येतो. पुलाला तट्ट लागलेला तो हिरवा थर म्हणजे नदीत आडवा टाकलेला बांधच. तो नसता तर वरच्या वस्तीतलं पाणी कितीतरी आधी उतरलं असतं. पानवेली मे महिन्यात, पाणी संथ असताना काढणं स्वस्त आणि सोपं असतं. ऑगस्टात ते जिवावरचं काम होतं. हे प्रत्येक बैठकीत मान्य होतं. प्रत्यक्ष निविदा निघेपर्यंत मात्र पाऊस दारात आलेला असतो. इथे मी स्पष्टच लिहितो: पूर निसर्गाचा आहे, पण त्यातले हे जास्तीचे तास माणसांनी घातलेले आहेत.

पाणी चार तास राहिलं तर काय होतं आणि दोन-तीन दिवस राहिलं तर काय, याचं उदाहरण म्हणून कांद्याची चाळ घ्या. उन्हाळ कांदा एप्रिल-मे मध्ये चाळीत जातो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात भाव चढेल या आशेवर ठेवलेला असतो. शेतकऱ्याची ती बँक आहे. मुलीचं लग्न, गावच्या पतपुरवठा सोसायटीचं कर्ज, द्राक्षाच्या छाटणीचा खर्च सगळं त्यातूनच. चाळीला खालून हवा खेळावी म्हणून तळ जमिनीपासून उचललेला असतो. पाणी त्या तळाखालून आलं आणि गेलं, तर कांदा वाचतो. तळाला लागून राहिलं तर खालचे थर भिजतात. भिजलेला कांदा लगेच सडत नाही. दोन-तीन दिवसांनी चाळीत हात घातला की आतून ऊब लागते, मग वास सुटतो आणि खालच्या सडीची वाफ वरच्या कोरड्या कांद्याला लागते. अशा वेळी सगळी चाळ उपसून, एकेक कांदा हाताने निवडून, मिळेल त्या भावाला लासलगाव किंवा पिंपळगावला न्यावा लागतो. तेव्हा सगळ्यांचाच कांदा एकदम येतो आणि भाव पडतो. पंचनामा करणारा येतो तेव्हा चाळ रिकामी असते. कारण नसताना कोणी चाळ रिकामी करत नाही हे त्यालाही कळतं, पण कागदावर लिहायला त्याच्याकडे रकाना नसतो: शेतातल्या पिकाच्या नुकसानीचे निकष आहेत, साठवलेल्या मालाचं नुकसान त्यात सहज बसत नाही.

द्राक्षाचं त्याहून विचित्र. ऑगस्टात बागेत घड नसतात, एप्रिल छाटणीनंतरची काडी पिकत असते. बागेत दोन-तीन दिवस पाणी साचलं की जमिनीतली हवा संपते आणि पांढरी मुळी मरते. वर मात्र पानं हिरवीगार दिसतात. पंचनाम्यात ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान दिसलं तरच मदत, आणि हिरव्या बागेत ते कसं दिसणार? ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटत नाहीत, जमीन वापशावर, म्हणजे काम करता येईल इतकी सुकून, येत नाही म्हणून छाटणी लांबते, वाढलेल्या ओलाव्यात डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी वाढते, आणि फेब्रुवारीत वजन कमी भरतं तेव्हा कोणीही पुराचं नाव घेत नाही. व्यापारी म्हणतो बाग जुनी झाली. सोसायटीची नोटीस मार्चमध्ये येते. मी अनेक बागायतदारांना सांगतो की पूर ओसरल्यावर एक खड्डा घ्या, मुळांचे फोटो काढा, तारखेसकट ठेवा आणि कृषी सहायकाला त्याच आठवड्यात लेखी कळवा. सगळ्यांना मदत मिळेल असं नाही, पण निदान दाव्याला मूळ राहतं.

मदतीच्या निकषांतही तास आहेतच. घरातले कपडे-भांडी गेल्याची मदत मिळण्यासाठी घर वाहून गेलेलं, पडलेलं किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्यात राहिलेलं असावं लागतं. मोठा पूर असला की सरकार स्वतंत्र निर्णय काढून अशा अटी शिथिल करतं; लहान पुरात करत नाही. लहान पुरात ज्यांच्या घरात तीस तास पाणी होतं त्यांच्या कोठीतले गहू, मुलांची दप्तरं, गाद्या, फ्रिज, पिठाची गिरणी सगळं गेलेलं असतं आणि अठरा तास कमी पडल्यामुळे ते कागदावर पूरग्रस्त ठरत नाहीत. पिकाची मदत हेक्टरी मिळते आणि तिलाही क्षेत्राची मर्यादा आहे. माती खरवडून गेली तर त्याचे वेगळे दर आहेत, ते अनेकांना माहीतच नसतात. तलाठ्याला नुसतं "पीक गेलं" सांगू नका, "वरची माती गेली" किंवा "एवढ्या फुटांचा गाळ बसला" हेही लिहून घ्यायला लावा.

आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचं काय? द्राक्ष-टोमॅटोच्या मळ्यांत राहणारी मजूर कुटुंबं पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून आलेली असतात. त्यांची झोपडी किंवा पत्र्याची खोली विहिरीजवळ, ओढ्याकाठी, म्हणजे शेतातल्या सगळ्यात सखल जागी असते, कारण चांगली जमीन पिकाखाली. रेशनकार्ड गावाकडचं, मतदान गावाकडे. गावात दवंडी फिरते, व्हॉट्सॲपवर विसर्गाचा आकडा येतो, तो त्यांच्यापर्यंत पोचतोच असं नाही. पाण्यातून वाचले तर शाळेत राहायला मिळतं, जेवण मिळतं, पण यादीत नाव लागत नाही. शिवाय बाग पाण्यात म्हणजे महिनाभर रोज नाही. शेतकऱ्याचं नुकसान निदान चर्चेत येतं. मजुराची रोजी बुडाली ती कोणत्याच रकान्यात नाही. पूरकाळात गावाने फक्त रहिवाशांची नाही, तर त्या रात्री शिवारात झोपलेल्या प्रत्येक माणसाची यादी करावी, हा माझा आग्रह आहे आणि काही गावांत पोलीसपाटील, आशाताई मिळून ती करतात. आशाताईंना मळ्यातलं प्रत्येक गरोदर बाईचं घर माहीत असतं. असा नकाशा दुसऱ्या कोणाकडेच नाही.

जिल्ह्याच्या पश्चिमेला चित्र उलटं आहे. पेठ-सुरगाण्यात पाणी तासाभरात चढतं आणि काही तासांत उतरतं, पण तेवढ्यात फरशी पूल घेऊन जातं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवरून लाकडी बल्ल्यांवरून पाणी आणत. ते दृश्य गाजलं आणि २०२२ च्या सुरुवातीला तिथे लोखंडी साकव झाला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला. अशा ठिकाणी पुराचा परिणाम म्हणजे तुटलेला संपर्क: बाळंतपणाला डोली, शाळेला दांडी, दवाखान्याला खाडा. नदीपात्र दर दोन-तीन वर्षांनी किती रुंद होतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून मगच साकवाची उंची ठरवायला हवी. मालेगावात मोसम आणि गिरणा यांचा प्रश्न पुन्हा वेगळा, दाट वस्तीचा आहे. त्यावर तिथल्याच कोणी लिहिलेलं बरं. सिन्नरसारख्या एरवी कोरड्या गावालाही २०२२ च्या सप्टेंबरात पाण्याने झोडपलं, म्हणजे आता फक्त नदीकाठ धरून चालत नाही.

आजारांबद्दल थोडक्यात. पूर उतरल्यावर विहिरी आणि बोअरमध्ये ब्लीचिंग पावडर टाकून, उपसून मगच पाणी वापरावं. जखमा उघड्या ठेवून चिखलात काम करू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जनावरांना घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधीच द्यावी. पाणी यायची वेळ आली की आधी दावं सोडा. बांधलेलं जनावर बुडतं, मोकळं जनावर बहुतेक वेळा स्वतः उंचावर जातं.

हातातले तास वाढवायचे कसे, हा उरलेला प्रश्न. "गंगापूरमधून अमुक हजार क्युसेक सोडले" या संदेशाचा चांदोरीच्या माणसाला फारसा उपयोग नाही. त्याला हवं असतं: दारणा, गंगापूर, पालखेड या धरणांतून मिळून येणारं पाणी आपल्या मंदिराच्या पायरीला किती वाजता लागेल. हे सांगता येतं. मागच्या पुरांचे विसर्ग आणि गावातल्या खुणा एकाखाली एक मांडल्या की ढोबळ अंदाज निघतो. काही गावांत आम्ही शाळेच्या भिंतीवर आणि विजेच्या खांबांवर २०१६ आणि २०१९ च्या रेषा रंगवल्या. शेजारी तेव्हाचा एकूण विसर्ग आणि पाणी पोचलेली वेळ लिहिली. आता संदेश आला की लोक त्या रेषेकडे बघून ठरवतात, जनावरं कधी काढायची. खर्च रंगाच्या एका डब्याचा. गाळ काढणं, बंधाऱ्याला जास्त दरवाजे बसवणं, ही मोठी कामं व्हायलाच हवीत, पण रामसर क्षेत्रात ती सांभाळून करावी लागतील आणि त्यांना वर्षं लागतील.

नाशिककरांनी एक गोष्ट आत्ताच डोळ्यांसमोर ठेवावी. सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. २०१६ चा पूर २ ऑगस्टलाच आला होता. लाखो माणसं रामकुंड-तपोवनाच्या काठावर असताना विसर्ग वाढवावा लागला तर गर्दी किती तासांत काठावरून मागे नेता येईल, हे गणित घाटांच्या रुंदीआधी सुटायला हवं. आणि नवे घाट बांधताना पात्रात आणखी काँक्रीट ओतलं, तर शहराचं पाणी तेवढंच चढेल आणि खालच्या गावांना तेवढंच लवकर पोचेल.

तुमच्या प्रकल्पाचं: पुराच्या दिवसांत गावात जाऊ नका. तेव्हा लोकांना तुमच्याशी बोलायला वेळ नसतो आणि तुम्ही गर्दीच वाढवाल. पहिली फेरी पूर उतरल्यावर पंधरा दिवसांनी करा आणि घरोघरी फक्त दोन गोष्टी विचारा: पाणी येणार हे किती वाजता कळलं, आणि ते पाणी घरातून किती वाजता गेलं. दुसरी फेरी ऑक्टोबरात छाटणीच्या वेळी. तिसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याच घरांत. तेव्हा द्राक्षाचं वजन, कांद्याची पट्टी (विक्रीची पावती), सोसायटीचा हप्ता, मुलीची शाळा चालू आहे की नाही ते विचारा. मळ्यातली मजूर कुटुंबं यादीत आधी घ्या, कारण तिसऱ्या फेरीपर्यंत ती दुसरीकडे गेलेली असतील. त्यांच्या पाड्याचं नाव पहिल्याच भेटीत लिहून ठेवा. पंचनाम्याच्या याद्या ग्रामपंचायतीत लावलेल्या असतात, त्या तुमच्या घरांच्या यादीशी ताडून बघा. कोणती नावं तुमच्याकडे आहेत आणि तिथे नाहीत, तेवढं जरी नीट मांडलंत तरी तहसील कार्यालयापासून ग्रामसभेपर्यंत सगळ्यांना त्याचा उपयोग होईल. सायखेडा आणि चांदोरी हे पुलाच्या दोन टोकांना आहेत, दोन्ही घ्या. एकाच पुरात पाणी उतरण्याच्या वेळा वेगळ्या निघतील.